शेवटची फट

माझ्या वडिलांना धुळीची भीती वाटते असं कोणी म्हटलं तर ते चुकीचं होईल. धुळीला ते मोजतच नाहीत. रस्त्याची धूळ, शेतातली माती, केरसुणीनं उडालेला केर, हे सगळं त्यांना चालतं. त्यांची भीती राखेची. कोराडीत ज्यांचा जन्म गेला त्यांना हे समजवायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. वारा वीजकेंद्राच्या चिमण्यांकडून आपल्या बाजूला वळला, की दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, स्कूटरच्या सीटवर एक करडा थर बसतो. बोट फिरवलं तर पिठासारखा मऊ लागतो. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येक खिडकीच्या चौकटीवरून पांढरा रुमाल फिरवायचे आणि तो उजेडात धरून बघायचे. रुमाल पांढरा राहिला तर त्यांचा दिवस बरा जायचा, आणि आमचाही.

या माणसानं निवृत्त झाल्यावर घर कुठे बांधावं? वीजकेंद्राच्या वसाहतीला लागून असलेल्या लेआउटमध्ये. नोकरीतले सगळे सोबती तिथेच राहतात, दूर जाऊन काय करू, असं त्यांचं म्हणणं. मी यावरून त्यांना पुष्कळ चिडवलं आहे. आता चिडवत नाही.

राखेच्या भीतीला कारण होतं. माझ्या आधी आईबाबांना एक मुलगा झाला होता. तेव्हा ते वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहत. ऐन थंडीचे दिवस, बाळ महिन्याचंही नव्हतं, आणि एका सकाळी ते झोपेतून उठलंच नाही. डॉक्टर म्हणाले, छाती भरली असावी. बाबांनी त्याचा अर्थ लावला, राख. त्या हकीकतीची आमच्या घरात एकच आवृत्ती होती, ती बाबा सांगायचे, आणि दर वेळी त्याच शब्दांत. त्या हिवाळ्यात राख फार पडत होती. बाळासाठी त्यांनी खोलीच्या फटी कापड आणि पुट्टी लावून बंद केल्या होत्या, तरी रुमाल करडाच निघायचा. कुठून येते ते सापडत नव्हतं. शेवटी झरोक्याच्या वर, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, एक फट सापडली. ती त्यांनी बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं. “एक दिवस आधी सापडली असती तर,” बाबा म्हणायचे, आणि गोष्ट तिथे संपायची. आई तोवर उठून स्वयंपाकघरात गेलेली असायची.

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, आणि मी जात्याच भित्री आहे. मला त्या फटीची स्वप्नं पडायची. शाळेत चित्रकलेच्या तासाला सगळ्या मुली घर काढायच्या, घराला खिडक्या काढायच्या. माझ्या घराच्या खिडक्या बंद असत. बाईंनी एकदा विचारलं, काहून बंद ठेवल्या? मी सांगितलं, बाळ झोपलं आहे.

माझं लग्न झालं आणि मी नागपूरशेजारच्या वाडीला राहायला गेले. नवरा तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, मी शहरात सदर भागातल्या एका ऑफिसात. आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा अमरावती रोडच्या अगदी काठावर, दिवसभर ट्रक. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं, पण सातवा महिना लागला तसे बाबा अधीर झाले. ट्रकचा धूर पोटातल्या बाळाला चांगला नाही म्हणून फोनवर फोन. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे राख आहे. ते म्हणाले, “राख बाहेर आहे, बेटा. घरात मी येऊ देत नाही.” हे ते इतक्या अभिमानानं म्हणाले की मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. मला वाटलं, या जगात एक माणूस तरी आहे ज्यानं माझ्या भीतीचा बंदोबस्त करून ठेवला आहे.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा थंडी कडाक्याची पडली होती. नागपूरचा उन्हाळा जगाला माहीत आहे, इथली थंडी फक्त नागपूरकरांना. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. माझ्यासाठी आतली खोली तयार होती. त्या खोलीची खिडकी म्हणजे खरं तर कूलरची जागा. उन्हाळ्यात कूलर तिथून गार वारा टाकतो, आणि हिवाळ्यात तो तसाच चौकटीत बसून राहतो, काढतो कोण. बाबांनी त्या कूलरला बाहेरून जुन्या फ्लेक्सचं कापड गुंडाळून दोरीनं आवळलं होतं. आतून पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या चारी कडांना चॉकलेटी टेप. वरच्या झरोक्यात थर्माकोल. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखासुद्धा त्यांनी मागून पत्रा ठोकून बंद केला होता, कारण त्याच्या पात्यांवर त्यांना राख सापडली होती.

हे सगळं झाल्यावर ते तपासणी करत. तपासणीची त्यांची एक रीत होती. उदबत्ती पेटवून ती चौकटीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवायची. धूर कुठे वाकला की तिथे फट. तिथे टेप. पुन्हा उदबत्ती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष शिरत नाहीत, आमच्याकडे हे अजून पाळतात, म्हणून ही सगळी तपासणी त्यांनी मी घरी यायच्या आधी उरकून घेतली होती. मी आल्यावर ते दारापर्यंत यायचे, खोकायचे, आणि आई बाळाला दारात नेऊन दाखवायची. ते बाळाकडे बघायचे आणि मग बाळावरून नजर उचलून खिडकीच्या टेपेकडे बघायचे.

आईची भीती निराळी. तिला वाऱ्याची भीती. बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं लागतं, कंबर जाते, कान जातात, डोकं फिरतं. तिच्या माहेरी कोणाचं कोणाचं काय काय गेलं याची तिच्याकडे लांबलचक यादी होती, आणि मला गार पाणी मागितलं की ती यादी ऐकावी लागे. बाबा राखेसाठी खिडकी बंद ठेवायचे, आई वाऱ्यासाठी दार. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचं एवढं एकमत मी कशावरच पाहिलं नव्हतं.

आणि घरात जो धूर होता, त्याचं काय? तो कोणाला दिसतच नव्हता, कारण तो आपला होता. मिरचीची फोडणी पडली की आम्ही तिघंही ठसकायचो आणि बाबा म्हणायचे, आज राख जास्त दिसते. देवाजवळ सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. दिवेलागणीला डासांची अगरबत्ती. त्यात माझी धुरी. मालिशवाली बाई सकाळी येऊन बाळाला आणि मला तेल लावायची, न्हाऊ घालायची, आणि मग शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकून धुरी द्यायची. धूर खोलीत इतका भरायचा की मला तिचा चेहरा दिसत नसे. बाळ शिंकायचं. बाई म्हणायची, शिंका चांगल्या, सर्दी निघून राहिली. ती गेल्यावर आई तीच शेगडी माझ्या बाजेखाली सरकवायची, वर आणखी कोळसे घालायची, म्हणजे कमरेला शेक लागावा. दार लावायची. दाराच्या खालून वारा येतो म्हणून बाहेरच्या बाजूनं चादरीची गुंडाळी लावून ठेवायची. आम्ही दोघी मायलेकी त्या उबेत झोपून जायचो. मी खोटं बोलणार नाही, ते सुख होतं. सुताच्या बाजेखालून येणारी ती ऊब दुखऱ्या कमरेत शिरायची तेव्हा मला वाटायचं, असंच पडून राहावं.

नवरा रविवारी वाडीहून यायचा, दारातून डोकावायचा. एकदा म्हणाला, इथे डोळे झोंबतात. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होते, ट्रकच्या धुरात राहणाऱ्या माणसानं हे बोलावं! तो बिचारा पुन्हा काही बोलला नाही.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. आईनं कोळसे आत न्यायला आणि राख बाहेर काढायला दार उघडलं-मिटलं की वारा खेळायचा, आणि कूलरच्या मागे पाण्याच्या नळीसाठी पाडलेलं एक भोक होतं, त्यातून एक गार रेघ माझ्या पायाशी यायची. मला ती जाणवायची. मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती गेली असती. एवढ्या उबेत पायाच्या अंगठ्याला लागणारा तो गारवा मला आवडायचा.

पण बाबांना ती सापडलीच. एका दुपारी मी बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत उन्हात बसले होते, तेवढ्यात त्यांनी आत जाऊन उदबत्ती फिरवली. कूलरच्या खालच्या कोपऱ्यात धूर वाकला. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उतरला होता, आणि उजळलाही होता. “पाह्य वं, सापडली,” ते आईला म्हणाले. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मग ते बाहेरून गेले, भोकात कापसाचा बोळा ठासला, वरून पुट्टी लावली. पुन्हा आत येऊन उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. ते बराच वेळ त्या सरळ धुराकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी उठले तर माझं डोकं असं दुखत होतं की डोळा उघडवेना. आईनं स्कार्फ घट्ट बांधला. बाळंतिणीचं डोकं दुखतंच, ती म्हणाली. मालिशवालीही तेच म्हणाली. मळमळत होतं, तर म्हणे डिंकाचे लाडू जड झाले असतील. बाळ दूध कमी प्यायलं, तर म्हणे झोपाळू आहे, गुणाची आहे. धुरी झाली. शेगडी खाली आली. कोळसे त्या दिवशी जास्त होते कारण थंडी जास्त होती. गाल कसे लाल झाले बघ, आई बाळाकडे बघून म्हणाली, शेक मानवला हिला. दार लागलं. चादर सरकवल्याचा आवाज मी ऐकला.

जाग आली तेव्हा माझा पदर भिजला होता. दूध वाहत होतं. पहिल्यांदा तेच कळलं. मग कळलं की दूध वाहतं आहे म्हणजे बाळाची वेळ होऊन गेली आहे, आणि बाळ रडलेलं नाही.

मी हात उचलायला गेले आणि तो उठला नाही. मला वाटलं, हाताला मुंग्या आल्या असतील. दुसरा उचलायला गेले. तोही नाही. डोक्यात घण पडत होते आणि शरीर मात्र कुठेतरी दूर होतं. मान कशीबशी वळवली. बाळ माझ्या कुशीत होतं, डोळे मिटलेले, गाल लाल. शांत. इतकं शांत मूल मी पाहिलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला ती गोष्ट आठवली, झोपेतून न उठलेल्या मुलाची, माझ्या भावाची. मी जन्मभर जिला घाबरत आले ती सकाळ माझ्याच खोलीत येऊन बसली होती.

मी आईला हाक मारली. हाक बाहेर आली नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आईचं भांडं वाजलं, इतकं जवळ. बाजेशेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या होता. मी कोपर घासत घासत नेलं आणि ढकललं. तांब्या पडला, गडगडला.

अंगणात बाबा तुळस पुसत होते. त्यांचा आवाज आला, “काय पडलं वं?” आईला ऐकू गेलं नाही. मग त्यांची पावलं आली. दाराशी थांबली. मला माहीत होतं ती थांबणार. ते खोकले. “बेटा?” म्हणाले. मी ओठ हलवले. ते वाट पाहत राहिले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुष पाहतो तशी, अदबीनं. आणि मग पावलं परत फिरली.

मी आयुष्यात पुष्कळ भ्याले आहे. कुत्र्याला, लिफ्टला, परीक्षेला. पण दारापासून दूर जाणाऱ्या त्या पावलांइतकं मला कशानंच भिववलं नाही. ते आईला बोलवायला गेले होते, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझे वडील दारापर्यंत आले होते आणि निघून गेले.

दोघं आली. आईनं चादर बाजूला केली, दार ढकललं, तांब्या आणि मला बघून आत धावली. बाबा तिच्या मागून आले, मी खोलीत असताना पहिल्यांदाच. आणि आत येताच त्यांनी मागे हात करून दार लावून घेतलं. सवयीनं. वारा येऊ नये म्हणून.

आईनं बाळाला उचललं. बाळाची मान मागे पडली. आई काहीतरी पुटपुटत तिचे गाल थोपटत होती. बाबा बाळाकडे न जाता खिडकीकडे गेले. टेपेवरून तळहात फिरवू लागले, वरपासून खालपर्यंत, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, गुडघ्यावर बसून कोपऱ्यात. ते फट शोधत होते. त्यांना वाटलं कुठेतरी राहिली. मी बाजेवरून बघत होते आणि मला ओरडून सांगायचं होतं की बाबा, तिथे काही नाही. माझ्या तोंडून कसाबसा एकच शब्द निघाला, “बाहेर.”

आई दाराकडे वळली आणि थबकली. ओली बाळंतीण, कोवळं पोर, आणि बाहेर तो वारा. मी तिला थबकताना पाहिलं. तेवढ्यात तिनं भिंतीला हात टेकला. सकाळपासून ती त्या खोलीत ये-जा करतच होती.

“मले इथं श्वास नाही येऊन राहिला,” ती म्हणाली.

आणि तिनं दार उघडलं आणि बाळाला घेऊन सरळ अंगणात गेली. डोक्यावर पदर नाही, बाळाच्या अंगावर दुपटं अर्धवट. माझी आई, जिनं मला गार पाणी पिऊ दिलं नव्हतं.

बाबांनी मला काखेत हात घालून ओढत ओढत पायरीवर आणून टाकलं. बाहेरची हवा चाकूसारखी आत शिरली. मला उलटी झाली. आई तुळशीशेजारी बसून बाळाचे तळपाय चोळत होती, जोरजोरानं, मालिशवाली चोळते तसे. काही नाही. पुन्हा चोळले. त्या दिवशी वारा आमच्या बाजूलाच होता. बाबा बाळाच्या तोंडावर दोन्ही तळहातांचं छप्पर धरून उभे होते, राख पडू नये म्हणून, आणि आई त्यांचे हात ढकलत होती, हवा लागू द्या म्हणून. मग बाळानं एक बारीक आवाज काढला. ओकलं. मग रडलं, मांजराच्या पिलासारखं, थांबून थांबून. मी पायरीवर पडल्या पडल्या रडत होते आणि मला थांबता येत नव्हतं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दोघींना ऑक्सिजन लावला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी दुरून तिची छाती खालीवर होताना मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं विचारलं. खोलीत काय जळत होतं, खिडकी कुठे होती, दार लावलेलं होतं का. उत्तरं कागदावर लिहून घेतली. मग म्हणाल्या, दिसणारा धूर वाईटच, पण हे त्यानं झालेलं नाही. जळत्या कोळशातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळत नाही, झोप येत जाते. अंगणात शेगडी ठेवली तर उडून जातो. बंद खोलीत साचतो.

बाबांनी विचारलं, “अन् राख?”

राखेचं त्यांनी सांगितलं की ती वर्षानुवर्षं छातीत जाते, तिचा त्रास वेगळा, तिच्यासाठी ओल्या फडक्यानं पुसा, वारा उलटा असेल तेव्हा खिडकी लावा, पण घरात विस्तव असताना कधीच नाही. मग कागद आवरता आवरता सहज बोलून गेल्या, “एखादी फट जरी राहिली असती ना, तरी एवढं झालं नसतं.”

मी बाबांकडे पाहिलं नाही. आईनंही पाहिलं नाही. आम्ही दोघी समोरच्या टेबलाकडे बघत बसलो. माझ्या मनात काय आलं ते मला नको होतं. मी ते परतवायचा प्रयत्न केला. थंडीचे दिवस, तेव्हा आईच्या बाजेखालीही शेगडी असणारच. झरोक्याच्या वरची फट. बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी.

नंतरचे दिवस मी दोन भीत्या घेऊन काढले. एक बाळाची. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची, अजूनही धरते. दुसरी, बाबांना हे कधी सुचेल याची. घरी आल्याबरोबर त्यांनी टेप काढायला घेतली होती. नखानं, मग सुरीनं. टेपेबरोबर रंगाचे पोपडे निघाले. फ्लेक्स काढला, थर्माकोल काढला, चार माणसं बोलावून कूलरच चौकटीतून बाहेर काढला आणि तिथे खिडकीची दारं बसवली. स्वयंपाकघरातला पत्रा काढला. आईनं शेगडी माळ्यावर टाकली आणि माझ्या कमरेला गरम पाण्याची पिशवी आली. मग बाबांनी उदबत्ती पेटवून खोलीत धरली. धूर लगेच आडवा झाला. तो खिडकीतून बाहेर जाईपर्यंत ते बघत राहिले. आम्हीही बघत होतो. मी मनात म्हणत होते, देवा, त्यांना एवढंच समजू दे. मागचं नको.

सव्वा महिना पुरा होत आला होता. दुपारची वेळ, खिडकी उघडी, आई मेथी निवडत होती, बाळ माझ्या मांडीवर. पुरुषांनी आत यायचं नाही ही गोष्ट आता कोणी पाळत नव्हतं. बाबा खिडकीखाली ओलं फडकं घेऊन बसले होते. तासातासाला चौकट पुसणं हे त्यांनी अंगावर घेतलेलं नवं काम. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुह्यं डोकं कधीपासून दुखून राहिलं होतं, बेटा?”

“पहिल्यापासूनच,” मी म्हणाले. “दवाखान्यातून आले तेव्हापासून.”

ते खोटं होतं, आणि मी ते लगेच बोलले, इतक्या पटकन की त्यांना कळलंच असेल. त्यांनी फडकं घडी करून चौकटीवर ठेवलं. मग आईकडे वळले.

“अन् तुह्यं? त्या वक्ती?”

आईचे हात मेथीत थांबले. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, सांगू नको म्हणून. तिनं मला बघितलंही. तीस वर्षं ती या गोष्टीच्या शेवटाआधी उठून जात आली होती. या वेळी उठली नाही.

“दुखत होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी लई दुखलं. बाळंतिणीचं दुखतेच, म्हणत होते सारे. मी बी तेच म्हटलं.”

बाबांनी मान हलवली. जणू कोणी त्यांना रस्ता सांगितला होता आणि तो त्यांना पटला होता. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि सरकत जाऊन त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. एक दिवस आधी, हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकलेले नाहीत.

बाहेर वारा वळला. मांडीवर बाळ शिंकलं. बाबांचा हात आपोआप खिडकीच्या कडीकडे गेला, आणि मलाही वाटलं, लावून घ्या, लवकर लावून घ्या. हात कडीवर तसाच राहिला. खिडकी उघडी होती.